फटफटीचे फेरफार

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती पडावी हे रास्तच आहे. इतिहास म्हटला म्हणजे डफळ्यांचे घराणे, विजापूरची आदिलशाही, साताऱ्याचे छत्रपती व त्यांचे जहागीरदार असे विषय अपेक्षित असतात. जतसारख्या जुन्या संस्थानी गावाला ते शोभतातही. मग फटफटीचा पिस्टन, तिचा कार्बोरेटर, तिचे गंजलेले मडगार्ड यांना इतिहासाच्या पाटावर बसवण्याचे कारण काय? कारण इतकेच की, राज्य कोणाचे होते हे सांगणारे कागद पुष्कळ जपले गेले. पण ह्या कोरड्या, रेल्वेपासून दूर पडलेल्या मुलखात माणसे गेल्या पाऊणशे वर्षांत कशी हिंडली-फिरली, मोडलेली वस्तू त्यांनी कशाने सांधली, हे सांगणारा कागद बहुधा कोणी लिहिलाच नाही. तो पुरावा लोखंडात आहे. तो गोठ्यात, पोत्याखाली, कोंबड्यांच्या शेजारात उभा आहे. आणि आज तो नाहीसा होत आहे तो भंगारवाल्याच्या हातून जितका, तितकाच जुन्या गाड्यांवर मनापासून प्रेम करणाऱ्यांच्या हातून. ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. म्हणून ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

प्रथम भूगोल. मिरजेहून पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइटची छोटी गाडी १९२७ साली सुरू झाली. तिच्यावरच्या एका स्टेशनाला 'जत रोड' असे नाव मिळाले. स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' हा शब्द आला की समजावे, गाव तेथे नाही. तेथून पुढे रस्ता आहे आणि तो ज्याचा त्याने तुडवावयाचा आहे. गुहागरहून कऱ्हाड, विटे करीत विजापुरास जाणारा मोठा रस्ता जतेवरून जातो खरा, पण तालुक्यातली गावे त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना दूरदूर विखुरलेली. माणूस विरळ, पाऊस त्याहून विरळ. ८ मार्च १९४८ रोजी जत संस्थान विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निघाला, आणि १९६० साली त्याचेच नाव सांगली झाले. म्हणजे कचेरी सांगलीला, बाजार कधी मिरजेचा तर कधी विजापूरचा, आणि घर मात्र माळावर. अशा मुलखात घोड्याची जागा कशाने घेतली असेल, तर ती मोटारीने नव्हे. मोटार थोड्यांना परवडली. घोड्याची जागा घेतली ती फटफटीने. हा शब्दही पाहण्यासारखा आहे. 'मोटारसायकल' हा शब्द यंत्राच्या जातीचा. 'फटफटी' हा शब्द कानाचा. वस्तू दिसण्याआधी ऐकू येत असे, आणि लोकांनी जे ऐकू आले तेच नाव दिले.

ह्या फटफट्या आल्या कोठून? १९४५ साली महायुद्ध संपले आणि हिंदुस्थानात आलेले लष्करी सामान विक्रीला निघाले. लोक त्याला 'डिस्पोजलचा माल' म्हणत. त्यांत विलायती बी.एस.ए. एम-२०, नॉर्टन १६ एच, मॅचलेस जी-३ एल अशा गाड्या होत्या. अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन आणि इंडियन होत्या. एकट्या एम-२० च्या सव्वा लाखांहून अधिक गाड्या युद्धासाठी तयार झाल्या होत्या. हे ४९६ सी.सी.चे, साइड व्हॉल्व्हचे, अंगाने जड आणि स्वभावाने सहनशील इंजिन. आतला दाब इतका कमी ठेवलेला की हलक्या प्रतीचे पेट्रोलही त्याला चालून जाई. लष्कराने ती गाडी रणांगणासाठी घेतली, पण तिचे गुण मुरमाड रस्त्यालाही तेवढेच उपयोगी पडले. ती वेगाने जात नसे, पण जात असे.

गाड्या आल्या, पण त्यांच्यामागून सुटे भाग यावयाचे ते आले नाहीत. आमच्या इतिहासाचे मूळ येथे आहे. स्वातंत्र्यानंतर परकी चलन जपावयाचे होते, देशात कारखाने उभारावयाचे होते. त्यामुळे आयात परवान्याच्या दोरीला बांधली गेली. १९५३ साली सरकारने टॅरिफ कमिशनची शिफारस स्वीकारली आणि देशात भाग तयार करण्याची योजना नसलेल्या, नुसती जोडणी करणाऱ्या मोटारकंपन्यांना गाशा गुंडाळावा लागला. मुंबईला शिवडीत १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा जोडणीचा कारखाना तेव्हाच बंद झाला. धोरण चूक होते की बरोबर, हा वाद अर्थशास्त्र्यांनी करावा. मिस्त्र्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच, की विलायती गाडीचा विलायती भाग आता नशिबाचा विषय झाला. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जावे, नाना पेठेतली दुकाने धुंडाळावीत, मुंबईच्या चोरबाजारात उभे राहावे. मिळाला तर मिळाला. न मिळाला तर जवळात जवळचे जे असेल ते आणून बसवावे.

पुढे देशी गाड्या आल्या. १९५५ साली मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे एन्फील्डचा कारखाना निघाला. आरंभी इंग्लंडातल्या रेडिचहून खोक्यांतून भाग यावयाचे आणि येथे ते जुळवावयाचे, असे चालले; मग साचे व हत्यारेच इकडे आली, आणि १९६२ च्या सुमारास सारी बुलेट येथेच तयार होऊ लागली. म्हैसूरला रुस्तम इराणी व फारूख इराणी यांनी आयडियल जावा काढली. १९६१ पासून तिची दोन सायलेन्सरांची २५० सी.सी. जावा रस्त्यावर दिसू लागली. तीच पुढे येझदी म्हणून चालली, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत ही पोलंडच्या एस.एच.एल. गाडीवरून उतरलेली; दूधवाल्यांची ती विशेष लाडकी. ह्या तीन घराण्यांनी आमच्याकडचे रस्ते तीस-चाळीस वर्षे वाटून घेतले. आणि डिस्पोजलच्या म्हाताऱ्या गाड्या ह्या तीन घराण्यांच्या भागांवर जगू लागल्या.

आता कोणी म्हणेल, एका गाडीचा भाग दुसऱ्या गाडीला बसवणे यात इतिहास तो कसला? बसला तर बसला! पण तो तसा बसत नाही, हीच तर मौज आहे. नट आणि बोल्ट ही जगातली सर्वांत साधी वस्तू वाटते. तिच्यावरच्या आट्यांनाही देश, धर्म आणि जात आहे. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे एक माप ठरवून दिले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. विलायती सायकली व फटफट्या यांच्यासाठी पुढे निराळे बारीक आटे निघाले. त्यांचा कोन ६० अंशांचा, आणि बऱ्याच बोल्टांवर इंचाला २६ आटे. युरोपातून आलेली जावा मेट्रिक. तिच्या आट्याचा कोनही ६० अंशांचाच, पण व्यास मिलिमीटरमध्ये. आता पाव इंची विलायती बोल्टाच्या जागी ६ मिलिमीटरचा बोल्ट घातला तर काय होईल? तो जाईल. त्याचे आटे इंचाला २५.४ पडतात, म्हणजे २६ च्या अगदी शेजारी. व्यासही थोडासाच कमी. हाताला वाटते, बसला. पण तो बसलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. उमदीच्या वाटेवर दहा मैल खडखडाट झाला की तो बाहेर येतो, आणि येताना भोकातले आटे घेऊन येतो. मग अॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये भोक मोठे करा, नवे आटे पाडा, त्याहून जाड बोल्ट घाला. पुन्हा कधी ते गाडीवर पाहिले तर समजावे की येथे एकदा म्हैसूर आणि बर्मिंगहॅम यांची गाठ पडली होती.

पान्यांचेही तेच. व्हिटवर्थच्या पान्यावर जो आकडा असतो तो पान्याच्या तोंडाचा नव्हे, बोल्टाच्या व्यासाचा. पाव इंची व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात सुमारे १३.३ मिलिमीटर असते. तेथे १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा सैल पडतो. चौदाच्या पान्याने वर्षानुवर्षे ओढलेला नट पाहा: त्याचे सहाही कोन गोल झालेले असतात. देशात दशमान नाणी १९५७ साली आली, मापे-वजने त्याच्या पुढच्या वर्षापासून हळूहळू बदलू लागली. आण्या-पैचा हिशेब लोक काही वर्षांत विसरले, पण फटफटीवर इंच आणि मिलिमीटर यांचा संसार अजून एकत्र चालू आहे. मद्रासी बुलेटवरसुद्धा जुने विलायती आटे आणि मागाहून आलेले मेट्रिक आटे शेजारी शेजारी भेटतात. एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. स्पार्क प्लगाचे आटे! विलायती गाड्यांतही १४ मिलिमीटरचा मेट्रिक प्लग रूढ होऊन गेला होता. त्यामुळे बंगलोरच्या मायको कारखान्याचा प्लग विलायती इंजिनाने विनातक्रार घेतला. जगाचे निदान एका भोकाबाबत तरी एकमत झाले होते.

इंजिनाच्या पोटात शिरले म्हणजे प्रकरण अधिक नाजूक होते. सिलिंडर झिजला की तो लेथवर किंवा बोअरिंगच्या यंत्रावर थोडा मोठा करावयाचा आणि त्यात मोठा पिस्टन घालावयाचा; ह्याला मिस्त्री 'रिबोअर' म्हणतात. माप इंचाच्या हजाराव्या भागात चालते, त्याला लेथवाले 'थाउ' म्हणतात. वीस थाउ, चाळीस थाउ, साठ थाउ अशी पायरी पायरीने भिंत पातळ होत जाते. शेवटी मोठे करण्यास जागा उरत नाही, तेव्हा आत बिडाची नळी ठोकून बसवतात, म्हणजेच स्लीव्ह. आणि सिलिंडरचे आयुष्य पुन्हा पहिल्या मापापासून सुरू होते. पण त्या मापाचा पिस्टनच बाजारात नसेल तर? मग दुसऱ्या कोणत्या तरी यंत्राचा पिस्टन पाहावयाचा. येथे तीन मापे जुळावी लागतात. एक, व्यास, तो स्लीव्हने सांभाळता येतो. दुसरे, पिस्टनमधून जाणाऱ्या पिनेचा व्यास. तो कनेक्टिंग रॉडमध्ये पितळी बुश ठोकून जमवता येतो. तिसरे, पिनेपासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची; आणि ह्याला तोड काढणे कठीण. माथा उंच आला तर हेडला धडकतो. खाली राहिला तर दाब कमी होऊन गाडीतला जीव जातो. मग माथा लेथवर घासावयाचा, किंवा सिलिंडरखाली पत्रा घालावयाचा. एवढे करून पिस्टन वजनाने जड असला तर क्रँकचा तोल बिघडतो आणि गाडी अमुक वेगाला हातांतून मुंग्या काढते. ज्या मिस्त्र्याने हे सर्व निभावले त्याला कोणत्याही विद्यापीठाने पदवी दिली नाही. पण त्याने जे गणित केले ते कागदावर करावयास सांगितले तर आमच्यापैकी पुष्कळांची पंचाईत होईल.

हे काम एकट्याने होणारे नव्हते. त्यामागे कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर होते, सांगली-मिरजेचे लेथ होते. उद्यमनगरातल्या भट्ट्या ऑइल इंजिनाचे भाग ओतण्यासाठी चालत. त्यांना एखादे ब्रॅकेट किंवा कव्हर ओतून देणे म्हणजे जेवणानंतरचे पान. विहिरीवरच्या पंपासाठी जी कारागिरी ह्या भागात आली, तीच फटफटीला पुरली. मॅग्नेटोचे उदाहरण घ्या. जुन्या विलायती गाड्यांना ठिणगी देणारे हे यंत्र. त्याच्या आतल्या तारेवरचा लाखेचा थर उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने वितळतो आणि गाडी गार असताना चालू होते, तापली की हटून बसते. नवा मॅग्नेटो कोठून आणणार? पण जेथे विजेच्या मोटारीचे वाइंडिंग होते तेथे बारीक तार वेटाळणारा हातही सापडतो. ज्यांना तेवढा सोस नव्हता त्यांनी मॅग्नेटो काढून टाकला आणि बॅटरी-कॉइल बसवली. अमल कार्बोरेटर झिजला, त्याच्या जागी मिककार्ब आला. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा गेला, बारा व्होल्टचा आला. जुन्या गाड्यांचा पुढचा भाग पट्ट्यांचा आणि स्प्रिंगचा, त्याला गर्डर फोर्क म्हणतात. मॅचलेसने १९४१ साली लष्करी गाडीला आत तेल असलेला नळीचा फोर्क दिला, तेव्हापासून प्रत्येक गर्डरवाल्याला तो हवासा झाला. पण फोर्क बदलला की मानेचे बेअरिंग बदलते, चाकाचा आस बदलतो, चाकाची जमीन धरण्याची रीत बदलते. एका फेरफाराला दुसरा चिकटून येतो.

ह्या सर्वांचे मेरुमणी म्हणावे असे उदाहरण आमच्या जिल्ह्यातले नाही. पण त्याचा धागा आमच्या जिल्ह्यातून जातो. दिल्लीत डिस्पोजलच्या हार्ले आणि इंडियन गाड्यांच्या मागे लाकडी-पत्र्याचे हौदे जोडून लोकांनी त्यांच्या सहा-सहा माणसे वाहणाऱ्या रिक्षा केल्या. दिल्लीनेही त्यांना फटफटी हेच नाव दिले. काही वर्षांनी अमेरिकन इंजिने थकली, पेट्रोल महागले. तेव्हा त्यांच्या जागी डिझेल इंजिने बसली, आणि ती होती किर्लोस्करांची, मुळात पंपासाठी केलेली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले, १९१० साली कुंडलच्या माळावर, तेव्हाच्या औंध संस्थानात, किर्लोस्करवाडी वसवली. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ ची, पुण्याची. सायकल दुरुस्तीपासून निघालेल्या घराण्याचे इंजिन दिल्लीत हार्लेच्या सांगाड्यात जाऊन बसले, ह्याला योगायोगापेक्षा मोठे नाव द्यावे असे आम्हांस वाटते. हे काम सोपे नव्हते. पंपाचे इंजिन मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फेरे करते. फटफटीचे त्याच्या दुप्पट-तिप्पट. तेव्हा चक्रांच्या दात्यांचा हिशेब उलटा मांडावा लागतो, नाहीतर गाडी बैलगाडीच्या चालीने जाईल. ह्या रिक्षा प्रदूषणावरच्या न्यायालयीन आदेशांमुळे १९९८ च्या सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवरून हटल्या. सौराष्ट्रात बुलेटचे पुढचे अर्धे शरीर आणि मागे डिझेलची गाडी असा छकडा जन्माला आला तो ह्याच कुळातला. पुढे १९९० च्या दशकात खुद्द एन्फील्डने टॉरस नावाची डिझेल बुलेट काढली. तिच्यात ग्रीव्हज लोम्बार्डिनीचे ३२५ सी.सी.चे इंजिन होते. जे आडरस्त्यावरच्या कारागिरांनी केले त्याच वाटेने अखेर कंपनी गेली.

असो. आता वर्तमानकाळाकडे वळू, कारण खरा प्रश्न तेथे आहे.

जुन्या गाड्यांना आज भाव आला आहे. १९६० सालची बुलेट, पहिल्या वर्षांतली जावा, युद्धातली बी.एस.ए. ह्यांना शहरांतून गिऱ्हाइके येतात. गिऱ्हाईक विचारतो, 'ओरिजिनल आहे का?' आणि नसली तरी हरकत नाही. तो ती तशी करून घेतो. मिककार्ब फेकतो, अमल आणतो. पितळी बुश काढतो. उद्यमनगरात ओतलेले कव्हर काढून परदेशातून मागवलेले बसवतो. गाडीला कारखान्याच्या पुस्तिकेत होता तोच रंग देतो, टाकीवरच्या सोनेरी रेघा मोजून काढतो. ह्या मंडळींचा आम्हांला आदर आहे. त्यांनी हात घातला नसता तर यांतल्या निम्म्या गाड्या वजनावर गेल्या असत्या. पण त्यांच्या हातून निघालेली गाडी कोणत्या सालची असते? ती कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसाची. तिच्या अंगावरची पुढची साठ वर्षे पुसली जातात. म्हणजे जी वर्षे रेडिचची नव्हती, मद्रासची नव्हती, जतची होती, नेमकी तीच.

कायदाही ह्याच बाजूला झुकला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कारखानदाराने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करू नये; जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कडकपणे वाचले. त्यानंतर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेली दुचाकी किंवा मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नंबरात 'व्ही ए' ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांसाठीच ती रस्त्यावर यावी. आणि एक अट: गाडी मूळ स्वरूपात असावी, सांगाडा, अंग किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. अटीमागचा हेतू वाईट नाही. चोरीच्या गाडीचा सांगाडा, भलत्याच गाडीचे इंजिन आणि तिसऱ्याच गाडीचे आर. सी. बुक अशी त्रिमूर्ती करून विकणारे लोक आहेत, आणि सरकारने त्यांना ओळखले पाहिजे. पण अटीचा दुसरा परिणाम पाहा. जी गाडी पन्नास वर्षे आमच्या रस्त्यांवर खरोखर राबली तिचे मूळ स्वरूप टिकणे जवळजवळ अशक्य होते. आणि जी एखाद्या श्रीमंताच्या पडवीत कापडाखाली निजून राहिली तिचे टिकले. वापरलेली गाडी कागदावर व्हिंटेज ठरणे कठीण, न वापरलेली सहज ठरते.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. जुन्या दस्तऐवजांच्या बाबतीत आपण 'अस्सल', 'नक्कल' आणि 'बनावट' असे तीन शब्द वापरतो. जतच्या माळावर दुरुस्त होत होत साठ वर्षे चाललेली बुलेट ह्यांपैकी काय? ती नक्कल नव्हे, बनावट तर नव्हेच. बनावट कागद फसवण्यासाठी लिहिलेला असतो. पितळी बुशने कोणाला फसवले? आमच्या मते ती अस्सलच आहे. पण ती ताम्रपटासारखी अस्सल नव्हे. ताम्रपट एकदाच कोरतात. ती सातबाऱ्यासारखी अस्सल आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव असते, त्याला कंस असतो. मग वडिलांचे, चुलत्यांचे. बोजा चढतो, उतरतो. आणि प्रत्येक बदलाशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर घेऊन गाव नमुना सहामध्ये गेले की कोणी, केव्हा, कशामुळे हा बदल केला ते कळते. जमिनीचा उतारा 'मूळ स्वरूपात' आणावयाचा म्हणून कोणी शहाणा मधली सारी नावे खोडून पणजोबांचे एकच नाव ठेवील काय? तलाठी हसेल. भावकी हसणार नाही.

मग जुने भाग मुळीच बदलू नयेत असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. आम्ही त्या टोकाला जाणार नाही. सहा इंची ड्रमचे ब्रेक ज्या रहदारीसाठी केले होते ती रहदारी उरलेली नाही. आज विजापूर रस्त्यावर ट्रकच्या मागे ती गाडी घेऊन जाणाऱ्याने अधिक चांगला ब्रेक कायद्याच्या चौकटीत बसवून घेतला तर आम्ही त्याची पाठ थोपटू. रबरी नळी, विजेची तार, टायर हे जुने ठेवण्यात पुरुषार्थ नाही. उलट पुढच्या फोर्कला गॅसने चिकटवलेला डाग 'ऐतिहासिक' म्हणून जपणारा माणूस इतिहासात लवकर जाईल. आमचे म्हणणे कंसाबद्दल आहे. जे काढले त्याला कंस करा; पुसू नका. अमल बसवावयाचा तर बसवा, पण चाळीस वर्षे चाललेला मिककार्ब डब्यात ठेवा आणि त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधा: कोणत्या गाडीवरचा, कोणत्या साली बसवलेला, कोणत्या मिस्त्र्याने, जेट कितीचा. गाडी विकाल तेव्हा तो डबाही गाडीबरोबर द्या. स्लीव्ह किती थाउवर बसवली, पिनेचे बुश कोठे कातले, सांगाड्याचा नंबर आणि इंजिनाचा नंबर आर. सी. बुकाशी जुळतात की नाही, हे एका वहीत लिहून ठेवण्यास शंभर पानांची वही पुरते. मिस्त्री म्हातारे होत आहेत. काही लेथ बंद पडले आहेत. ज्याने पिस्टनचा माथा घासला त्याला तो का घासला हे विचारण्याची संधी ह्या दहा-पंधरा वर्षांपुरतीच आहे.

आणि अस्सलपणाच्या आग्रहाने फार तापणाऱ्यांसाठी एक माहिती. रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद झाला. मद्रासची बुलेट १९७७ पासून इंग्लंडात विकली जाऊ लागली. रेडिचच्या जुन्या बुलेटी जपणाऱ्या इंग्रजांना आता त्यांच्या भागांसाठी पुष्कळ वेळा हिंदुस्थानी मालाकडेच यावे लागते. खुद्द विलायती बुलेटच्या पोटात तमिळनाडूत घडलेला भाग बसला आहे, आणि त्यावर कोणी कंस केला आहे की नाही हे तिकडच्या वहीत पाहावे लागेल. आमच्या वहीची मात्र अजून पहिली पानेही लिहावयाची आहेत. व्याख्यानानंतर ज्यांच्या गोठ्यात अशी एखादी गाडी असेल त्यांनी व्यासपीठाजवळ थांबावे; सांगाड्याचा नंबर मानेच्या कोणत्या बाजूला शोधावयाचा, आणि तो गंजाखालून वाचताना घासकागदाऐवजी रॉकेलात भिजवलेली चिंधी का वापरावी, हे तेथेच दाखवता येईल.